कळवणच्या एका घराचें वर्षभराचें वाचन

वर्ष सरत आलें म्हणजे पेढीवरचा मुनीम वही चाळतो, आणि शेतकरी चाळींतला कांदा किती विकला व किती सडला याचा हिशेब मनाशीं मांडतो. वाचणाऱ्या घरानें आपल्या वाचनाचा असा जमाखर्च मांडल्याचें मात्र क्वचितच ऐकूं येतें. महिन्याला दोनचार पुस्तकें वाचनालयांतून येतात, उशाशीं पडतात आणि परत जातात. त्यांतलें मागें काय उरलें हें कोणी विचारीत नाहीं. विचारलेंच तर उत्तरांत बहुधा एखाद्या कादंबरीचें नांव येतें. घडलेल्या गोष्टींविषयीं लिहिलेलीं पुस्तकें, म्हणजे आत्मचरित्रें, प्रवासवृत्तें, गांवाचीं आणि समाजाचीं वर्णनें, हीं परीक्षेपुरतीं वाचावयाचीं असा एक समज चांगल्या सुशिक्षित घरांतूनही रूढ आहे. तो समज कितपत खरा आहे हें पाहावयाचें असेल, तर त्यासाठीं पुण्यामुंबईचें घर न घेतां नाशिक जिल्ह्यांतील कळवणचें एखादें घर डोळ्यांपुढें आणावें.

कळवण हें गिरणेच्या खोऱ्यांतलें तालुक्याचें गांव. दक्षिणेला सप्तशृंगीचा गड. पश्चिमेला सुरगाण्याच्या बाजूस चढत जाणारें डोंगराळ रान, त्यांत कोकणा आणि भिल्ल लोकांचे पाडे. पूर्वेकडे जमीन सपाट होत जाते आणि कांदा, ऊस, डाळिंब यांचीं शेतें लागतात. गिरणेवर चणकापूरचें धरण बांधून झालें तें १९११ सालीं. तेव्हांपासून या तालुक्याचे पाण्याचा आणि बिनपाण्याचा असे दोन भाग अधिकच ठळक झाले, आणि त्यांतला फरक आजही एस. टी.च्या खिडकींतून दिसतो. शाळेंत पुस्तकी मराठी, बाजारांत अहिराणी वळणाची बागलाणी बोली, डोंगरांत कोकणा बोली, अशा तीन भाषा एकाच दिवशीं एकाच माणसाच्या कानावर पडतात. इंग्रज सरकारनें १८८३ सालीं नाशिक जिल्ह्याचें जें जाडजूड गॅझेटियर प्रसिद्ध केलें, त्यांत जिल्ह्याच्या बारा तालुक्यांपैकीं एक म्हणून कळवणचें वर्णन आहे. जमीन, सारा, पीक, रस्ते, सारें कांहीं त्यांत मोजलेलें आहे. मोजणाऱ्यास जें मोजतां आलें नाहीं, तें कळण्यासाठीं मात्र दुसऱ्या पुस्तकांकडे जावें लागतें.

अशा गांवांतलें एक शिकलेलें घर कल्पावें. घरचा कर्ता शिक्षक किंवा तालुक्याच्या कोर्टांत वकील. थोडी पाण्याखालची शेती. घरांत वृद्ध आई, नोकरी करणारी सून आणि कॉलेजांत जाणारी मुलगी. रात्रींचीं जेवणें आटोपल्यावर तासभर एकानें मोठ्यानें वाचावें आणि इतरांनीं ऐकावें असा नेम या घरानें वर्षभर चालविला, आणि अट एकच ठेवली, कीं वाचावयाचें तें घडलेलें असावें. मग वर्षाअखेर त्या घराच्या मनांत कोणतीं पुस्तकें घर करून राहतील?

पहिलें नांव लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चें. याला कारण केवळ कीर्ति नव्हे. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या; जन्म १८६८चा. म्हणजे कळवणकरांच्या दृष्टीनें त्या जवळजवळ घरच्याच. ‘स्मृतिचित्रें’ १९३४ ते १९३६ या काळांत चार भागांत प्रसिद्ध झालीं, आणि १९३६ सालींच लक्ष्मीबाई वारल्या. आईच्या वडिलांना सत्तावनच्या बंडाच्या धामधुमींत फांसावर जावें लागलें, आणि त्यानंतर वडिलांच्या डोक्यांत सोवळ्याचें वेड शिरलें, ही हकीकत पुस्तकाच्या आरंभींच येते. एखाद्या दुसऱ्या लेखणीखालीं या हकीकतीचें करुण आख्यान झालें असतें. लक्ष्मीबाईंच्या हातीं तें घर, तो विटाळाचा धाक आणि त्यांत वाढणारीं पोरें यांचें असें चित्र होतें, कीं ऐकणारा आधीं हसतो आणि मग आपण कशाला हसलों म्हणून क्षणभर थांबतो. आपल्या कल्पनेंतल्या घरांतील वृद्ध आई जेथें हसते तेथें मुलगी हसत नाहीं, आणि मुलीला जेथें हसूं येतें तेथें आईचा चेहरा उतरतो. सोवळें पाहिलेल्या पिढीला त्यांतली दमछाक आठवते. न पाहिलेल्या पिढीला तो सारा विनोदच वाटतो. एका पुस्तकाच्या निमित्तानें आजी आणि नात यांना एकमेकींचें वय असें समजावें, हा मोठ्यानें वाचण्याचा लाभ आहे.

अकराव्या वर्षीं लग्न, नवरा नारायण वामन टिळक. कवि, विद्वान, अतिशय उदार आणि संसाराच्या कामीं तितकाच बेभरंवशाचा. १८९५ सालीं टिळकांनीं मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. बायको मागें राहिली, लहान मुलासह, नातलगांच्या आश्रयानें. त्या काळच्या समाजांत या प्रसंगाचा अर्थ एकच होता: नवरा जिवंत असून नाहींसा झाला. कांहीं वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई टिळकांकडे गेल्या, आणि १९०० सालीं त्यांनीं स्वतः दीक्षा घेतली. या मधल्या काळाचें वर्णन हा पुस्तकाचा गाभा आहे. नवऱ्याच्या मागून फरफटत जाणारी स्त्री येथें दिसत नाहीं. जातिभेद देवानें केला कीं माणसानें, हा प्रश्न या बाईंनीं स्वतःच्या मनाशीं सोडविला, आणि तो सुटल्यावरच पुढचें पाऊल टाकलें. टिळकांच्या मताशीं त्या पोहोंचल्या हें खरें. पण स्वतःच्या वाटेनें पोहोंचल्या. शाळेंत न गेलेल्या स्त्रीनें, कोणत्याही शास्त्राचा आधार न घेतां, स्वयंपाकघर, पाणवठा, आजारपण आणि उपासतापास यांच्या अनुभवांतून तत्त्वनिर्णय करावा, याचें इतकें प्रामाणिक वर्णन मराठींत दुसरें सांपडणें कठीण.

टीकाकार या पुस्तकाच्या भोळेपणाची स्तुति करतात. ती स्तुति सावधपणें घ्यावी. लक्ष्मीबाई भोळ्या असल्या तरी त्यांचें लिहिणें भोळें नाहीं. टिळकांचा दोष सांगतांना त्या तो पुरता सांगतात, आणि ऐकणाऱ्याला टिळकांचा राग येण्याच्या आंत त्यांच्या माणुसकीची एक गोष्ट पुढें ठेवतात. तक्रार आणि माया यांचें हें वजन त्यांनीं पुस्तकभर ढळूं दिलें नाहीं. इंग्रजींत या पुस्तकाचें भाषांतर १९५० सालीं जोसेफीन इंक्स्टर यांनीं आणि पुन्हां २०१७ सालीं शांता गोखले यांनीं केलें. कॉलेजांतल्या मुलीनें हवें तर तें इंग्रजींत वाचावें. पण आजीच्या कानांनीं एकदां मराठींत ऐकून मगच वाचावें.

दुसऱ्या पुस्तकाशीं मात्र घराचें भांडण झाल्यावांचून राहणार नाहीं. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांवगाडा’ १९१५ सालीं प्रसिद्ध झाला. सरकारी नोकरींत राहून खेडेगांव जवळून पाहिलेला हा गृहस्थ. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जमीन, या दोहोंवर उभें असलेलें गांव कसें चालतें, वतनदार कोण, बलुतेदार कोण, सुतारालोहाराचें, न्हाव्यापरटाचें, कुंभाराचें, गुरवाचें, महारामांगाचें काम काय आणि खळ्यावर त्यांचा वांटा किती, याचें असें बारीक वर्णन त्यापूर्वीं मराठींत नव्हतें. आज ज्यांच्या तोंडून बलुतें हा शब्द केवळ भाषणांतून येतो, त्यांनीं एकदां तरी आत्र्यांच्या खळ्यावर उभें राहावें. धान्याची रास पडली आहे, कुणबी दमलेला आहे, आणि एकामागून एक हक्कदार पुढें येत आहेत. कोणी काम केलें म्हणून मागतो, कोणी त्याच्या आज्यानें केलें म्हणून मागतो, कोणी देवाच्या नांवानें मागतो. आत्र्यांची सहानुभूति सर्वस्वीं कुणब्याच्या बाजूला आहे. ज्या व्यवस्थेचें पुढें अनेकांनीं खेड्यांतील गोड सहकार म्हणून कौतुक केलें, तिचा भार नेमका कोणाच्या पाठीवर पडतो हें त्यांनीं १९१५ सालींच दाखवून दिलें, हा त्या पुस्तकाचा मोठेपणा. भाषेविषयीं तर बोलावयासच नको. अवजारें, मापें, हक्क, मानपान यांच्या शब्दांचा एवढा सांठा त्यांत आहे, कीं कळवणच्या शेतकऱ्याला त्यांतले निम्मे ओळखीचे वाटतील आणि उरलेले आजोबांच्या तोंडून ऐकल्यासारखे वाटतील.

परंतु आत्र्यांच्या सहानुभूतीला एक कुंपण आहे. गांवाबाहेरून येणारे, पाल ठोकून राहणारे, खेळ करणारे, मागून खाणारे असे जे फिरस्ते, त्यांच्याविषयीं लिहितांना लेखणी एकदम कडक होते. ती पोलिसाच्या वहींतली वाटूं लागते. गुन्हेगार जातींवर आत्र्यांनीं याच्या आधींच एक स्वतंत्र पुस्तक लिहिलें होतें. १८७१च्या कायद्यानें जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरविण्याची जी रीत पडली, ती या देशांत १९५२ सालीं तो कायदा रद्द होईपर्यंत चालली, आणि लोकांच्या मनांतून तर अजूनही पुरती गेलेली नाहीं. एरवीं इतका डोळस असलेला लेखक या ठिकाणीं सरकारी चष्म्यांतूनच पाहतो. पुस्तक फेंकून देण्याचें हें कारण नव्हे. वाचतांना पेन्सिल हातीं ठेवण्याचें हें कारण आहे.

आणि महार? त्यांचीं कामें ‘गांवगाड्यां’त नीट नोंदलेलीं आहेत. पण तीं करणाऱ्याला काय वाटत होतें हें ऐकण्यासाठीं मराठी वाचकाला दया पवारांच्या ‘बलुतें’ या आत्मकथनाची वाट पाहावी लागली. तें १९७८ सालीं ग्रंथालीनें प्रसिद्ध केलें. या दोन पुस्तकांमध्यें त्रेसष्ट वर्षांचें अंतर आहे, आणि वर्ण्य वस्तु एकच आहे. म्हणून तीं एकापाठोपाठ वाचावींत. आत्र्यांच्या पुस्तकांत जो खळ्यावर मागावयास येतो आणि कुणब्याला जड होतो, तोच पवारांच्या पुस्तकांत उभा राहून सांगूं लागतो, कीं मेलेलें ढोर ओढणें, मरणाचा सांगावा घेऊन रानोमाळ पळणें, साहेबाच्या घोड्यापुढें धांवणें, याची मजुरी म्हणून पदरांत काय पडत होतें. पवार हे नगर जिल्ह्यांतल्या अकोले तालुक्याचे, म्हणजे नाशिकच्या शेजारचे. त्यांच्या पुस्तकांत दगडू मारुती पवार हा दया पवाराला आपली कहाणी सांगतो. शिकून सवरून शहरांत स्थिरावलेला माणूस आणि त्याच्याच आंत दडून राहिलेला गांवचा पोरगा, अशी ही जोडी आहे. आपली लाज ज्यानें आपण होऊन उघड्यावर मांडली, त्याच्याशीं वाद घालणें कठीण जातें. हें पुस्तक मोठ्यानें वाचणाऱ्याचा आवाज कांहीं ठिकाणीं अडखळेल, विशेषतः मुंबईतल्या कावाखान्याच्या पानांवर. तेथें ज्याचें त्यानें मनांत वाचावें हें बरें.

महार वतन १९५८च्या कायद्यानें गेलें. खळ्यावरचें बलुतेंही आतां जवळजवळ गेलें. मग या दोन पुस्तकांचा आज काय संबंध, असें घरांतल्या वकिलानें विचारलें तर त्याला उत्तर देण्यास दुसरें कोणी नको. तालुक्याच्या कोर्टांतले जमिनीचे दावे, इनामाच्या नोंदी, सातबाऱ्यावरचीं नांवें आणि त्या नांवांत कोणाचें नांव नाहीं ही गोष्ट, यांतच तें उत्तर आहे.

येथवर घराला आपण वाचक आहों असें वाटत असतें. तिसऱ्या पुस्तकापाशीं तें घर स्वतः पुस्तकांत सांपडतें. गोदावरी परुळेकर यांचें ‘जेव्हां माणूस जागा होतो’ हें पुस्तक १९७० सालीं आलें आणि १९७२ सालीं त्याला साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. लेखिका पुण्याच्या सुखवस्तु गोखले घराण्यांतल्या, कायद्याच्या पदवीधर, भारत सेवक समाजाच्या पहिल्या स्त्री आजीव सभासद. पुढें त्या किसान सभेच्या कामांत पडल्या आणि १९४५ सालापासून ठाणें जिल्ह्यांतील उंबरगांव, डहाणू, तलासरी या भागांतल्या वारल्यांमध्यें राहूं लागल्या. तेथें वेठ होती, म्हणजे जमीनदारानें बोलाविलें कीं बिनमोल राबणें. तेथें लग्नगडी होता, म्हणजे लग्नासाठीं थोडे पैसे उचलून त्या कर्जापायीं नवराबायकोनें जन्मभर सावकाराच्या घरीं राबणें. हे शब्द ऐकून शहरांतल्या श्रोत्याला शतकापूर्वींची गोष्ट वाटते. ती आहे १९४५ सालची, मुंबईपासून रेल्वेनें कांहीं तासांवरची.

या पुस्तकाचें सामर्थ्य अन्यायाच्या वर्णनांत आहे त्यापेक्षां भीति कशी जाते याच्या वर्णनांत अधिक आहे. जानेवारी १९४५ मध्यें टिटवाळ्याच्या किसान परिषदेला थोडेसे वारली गेले. त्याच वर्षीं मे महिन्यांत झरी गांवीं हजारोंची सभा भरली, आणि वेठ करावयाची नाहीं, मजुरी रोख घ्यावयाची, असें ठरलें. मधल्या चार महिन्यांत काय झालें? पाड्यापाड्यांवर रात्रीं बैठका, न समजणारी बोली, न संपणारें मौन, आणि मग कोणा एकाचें तोंड उघडणें. पुण्याची शिकलेली बाई आधीं बोलावयास जाते आणि हळूहळू ऐकावयास शिकते. ऑक्टोबरांत तलवाडा येथें पोलिसांचा गोळीबार झाला, माणसें मेलीं. चळवळ तरीही मोडली नाहीं. लेखिकेचें राजकीय मत कोठेंही झांकलेलें नाहीं. ज्यांना तें मत मान्य नाहीं त्यांनींही हें पुस्तक वाचावें, कारण डोळ्यांनीं पाहिलेलें आणि मतासाठीं मांडलेलें यांतला फरक त्यांत वाचकाला सहज कळतो. दुसऱ्या प्रकारचीं कांहीं पानें कोरडीं आहेत हेंही सांगितलें पाहिजे.

आतां कळवणकडे वळावें. डहाणू-तलासरी आणि कळवण यांच्या मध्यें सह्याद्रीचीच रांग आहे. कळवण, सुरगाणा, पेठ, दिंडोरी या तालुक्यांत १९४५ सालच्या वारल्यांचे नातवंड शोभावेत असे लोक राहतात. ६ मार्च २०१८ रोजीं किसान सभेनें नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकऱ्यांचा जो पायीं मोर्चा काढला, त्यांत या डोंगरी तालुक्यांतील माणसें फार मोठ्या संख्येनें होतीं. सुमारें एकशें ऐंशी किलोमीटरांची वाट. कित्येकांच्या पायांत धड वहाणा नव्हत्या. ११ तारखेच्या रात्रीं ते मुंबईंत होते. सकाळीं दहावीच्या परीक्षेला निघालेल्या मुलांना अडथळा होऊं नये म्हणून विश्रांति न घेतां रात्रींच चालून ते आझाद मैदानावर पोहोंचले, आणि मुंबईकरांनीं त्यांना पाणी व खाद्यपदार्थ दिले. त्यांच्या मागण्यांतली मुख्य मागणी वनजमिनीची होती. २००६च्या वनहक्क कायद्यानें, १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून जो आदिवासी वनजमीन कसत आला असेल त्याला चार हेक्टरांपर्यंत तिचा हक्क मिळावा असें ठरलें. पण दावे पडून राहिले, कोठें नाकारले गेले, कोठें कसलेल्या क्षेत्राहून पुष्कळ कमी जमीन मंजूर झाली.

वर्तमानपत्रांत ही बातमी त्या घरानें वाचली असेल, कौतुकही केलें असेल. परंतु परुळेकरांचें पुस्तक ऐकत असतां दुसरी एक गोष्ट ध्यानांत आल्यावांचून राहत नाहीं. पूर्वेकडच्या पाण्याच्या शेतांत कांद्याच्या लागवडीला आणि काढणीला ज्या टोळ्या येतात, त्यांत पश्चिमेकडच्या पाड्यांवरचीं माणसें असतात. काम उक्तें ठरतें, कधीं आगाऊ उचल दिली जाते. ही वेठ नव्हे, हा लग्नगडी नव्हे. तसें म्हणणें अन्यायाचें होईल. पण मजुरी कशी ठरते, उचल फिटेपर्यंत दुसरीकडे जाण्याची मोकळीक कितपत असते, टोळींतल्या पोरांची शाळा त्या दिवसांत कोठें असते, हे प्रश्न आतां पुस्तकांत राहत नाहींत. ते ओट्यावर येऊन बसतात. घरची शेती ज्यांच्या हातांनीं होते, त्यांच्यापैकीं कितीजणांचीं नांवें घराला ठाऊक आहेत? कॉलेजांतल्या मुलीनें असा प्रश्न विचारला आणि शिक्षक असलेल्या बापानें पुस्तक खालीं ठेवलें, तर त्या रात्रींचें वाचन तेथेंच थांबेल. थांबावें.

विष्णुभट गोडसे वरसईकर यांचा ‘माझा प्रवास’ मग एखाद्या सुटीच्या आठवड्यांत वाचून काढावा. हा गरीब भिक्षुक ब्राह्मण १८५७ सालीं दक्षिणा मिळविण्यासाठीं उत्तर हिंदुस्थानांत गेला, आणि नेमका बंडाच्या वणव्यांत सांपडला. झांशीचा वेढा त्यानें शहरांत राहून पाहिला. पुस्तक कमालीचें वेधक आहे आणि त्यावर पुष्कळ बोललें गेलें आहे, म्हणून येथें एकच गोष्ट. गोडसे भटजींची हस्तलिखित हकीकत चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं छापली ती भाषा सुधारून, कांहीं गाळून, कांहीं फिरवून. मूळ प्रत जशीच्या तशी छापली गेली ती दत्तो वामन पोतदारांच्या संपादनानें १९६६ सालीं. मधलीं जवळजवळ साठ वर्षें महाराष्ट्रानें ज्या गोडसे भटजींना वाचलें, ते अर्धे वैद्यांचे होते. हें ऐकून कळवणकराला गडावरची गोष्ट आठवावी. सप्तशृंगीच्या मूर्तीवर पिढ्यानपिढ्या चढविलेल्या शेंदराचें कवच २०२२ सालीं उतरविण्यांत आलें, आणि कवचाखालचें मूळ रूप भाविकांच्या दृष्टीस पडलें. कित्येकांना तें रूप पाहून आनंद झाला. कित्येकांना ओळखीचा चेहरा गेल्यासारखें वाटलें. पोतदारांची प्रत वाचणाऱ्यांचीही अशीच दोन मतें पडतात. वैद्यांची प्रत अधिक सफाईची आहे यांत संशय नाहीं. घडलेलें वाचावयाचें अशी ज्या घरानें अट घातली आहे, त्यानें मात्र पोतदारांचीच प्रत मागवावी.

दुर्गाबाई भागवतांचें ‘ऋतुचक्र’ हें १९५६ सालचें पुस्तक. तें सलग वाचूं नये. चैत्रांत चैत्राचें, वैशाखांत वैशाखाचें, असें महिन्याला एक प्रकरण घ्यावें. बारा रात्रीं पुरतात. झाडें, फुलें, पांखरें, आकाशाचे रंग यांकडे इतक्या अभ्यासू आणि तरीही इतक्या रसिल्या नजरेनें पाहणारें गद्य मराठींत दुर्मिळ आहे. कळवणच्या वाचकाला एक उणीव मात्र जाणवेल. ‘ऋतुचक्रां’तला महिना हा पाहणाऱ्याचा महिना आहे, कसणाऱ्याचा नाहीं. कळवणचा चैत्र म्हणजे उन्हाळ कांद्याची काढणी, पात कापणाऱ्या बायकांच्या ओळी, चाळी भरण्याची घाई, आणि त्याच दिवसांत गडाच्या यात्रेला खानदेशांतून भर उन्हांत पायीं येणारे लोक. पुस्तकाचा हा दोष नव्हे. दुर्गाबाईंनीं तें लिहावयाचें ठरविलेंच नव्हतें. कळवणच्या शाळेंतल्या मास्तरानें मुलांकडून या तालुक्याच्या बारा महिन्यांची वही लिहून घ्यावी, नागलीच्या आवणापासून महुवाच्या फुलांपर्यंत, आणि पश्चिमेकडच्या पाड्यांवरच्या मुलांनीं ती आपल्या बोलींत लिहावी, अशी कल्पना हें पुस्तक वाचतां वाचतां सहज सुचते. शाळेंत प्रमाण मराठी पक्की झाली पाहिजे हें खरेंच. पण रानांतल्या पालेभाज्यांचीं जीं नांवें कोकणा बोलींत आहेत त्यांतल्या पुष्कळांना प्रमाण मराठींत शब्दच नाहींत. तीं नांवें मुलांनीं लिहिलीं नाहींत तर तीं कोठेंच लिहिलीं जाणार नाहींत.

येथें या वाचनांतली मोठी पोकळी सांगावी लागते. लक्ष्मीबाईंनीं स्वतःविषयीं लिहिलें, दया पवारांनीं स्वतःविषयीं लिहिलें. वारल्यांविषयीं मात्र परुळेकरांना लिहावें लागलें, आणि कळवणच्या डोंगरांतल्या माणसाविषयीं तर गॅझेटियरनें, मोजणीदारानें आणि वनखात्याच्या कारकुनानेंच अधिक लिहिलें आहे. वर्षभराच्या यादींत त्याच्या हातचें एकही पुस्तक येऊं नये, ही गोष्ट त्या घराच्या आवडीनिवडीची खासच नव्हे. आश्रमशाळांतून शिकलेली पिढी आतां वयांत आली आहे. तिच्यांत शिक्षक आहेत, वकील आहेत, परिचारिका आहेत. त्यांनीं लिहिलेलें घरांत यावें म्हणून घरानें काय करावें? निदान एवढें, कीं तालुक्याच्या वाचनालयाच्या खरेदीच्या यादीवर दरवर्षीं कोणाचीं नांवें जातात हें पाहावें, आणि सभासदांच्या बैठकीला गैरहजर राहूं नये. नाशिकचें सार्वजनिक वाचनालय १८४० सालापासून चालत आलें तें सभासदांनीं असल्या कंटाळवाण्या बैठकींना हजेरी लावल्यामुळेंच.

पुढच्या वर्षाची यादी अजून पुरती ठरावयाची आहे. घरांतल्या सुनेनें एक नांव आधींच घालून ठेवावें: ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’. बुलढाण्याच्या या बाईंनीं १८८२ सालीं हें लहानसें पुस्तक छापलें. सुरतेच्या एका तरुण विधवेला भ्रूणहत्येबद्दल झालेली शिक्षा आणि त्यावरून वर्तमानपत्रांनीं साऱ्या स्त्रीजातीवर उठविलेली झोड हें त्याचें निमित्त. पुढें तें जवळजवळ विस्मृतींत गेलें, आणि स. गं. मालशे यांनीं १९७५ सालीं पुन्हां प्रकाशांत आणलें. ‘स्मृतिचित्रें’ ऐकलेल्या घराला त्याचा आवाज अगदीं निराळा वाटेल. लक्ष्मीबाई हसून सांगतात. ताराबाईंना हसावयाचें नाहीं. पानें थोडीं आहेत, दोन रात्रींत तें संपेल. वाचावयाचें मात्र घरांतल्या पुरुषानें, आणि मोठ्यानें.